बंडगर सरांचे झुंबाळ

झुंबाळ लोकांत सभेला जो सगळ्यांत शेवटी पोचेल, त्याच्या गळ्यात वर्षभरासाठी मुखियाची माळ पडते. म्हणून त्यांच्या सभा वेळेवर सुरू होतात. बंडगर सरांनी मला हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे मास्तर लोक स्टाफरूममध्ये प्राचार्यांची वाट बघत ताटकळलो होतो, आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे धुमसत होते. सर आपले कडक भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीत दाबत निवांत खात बसलेले.

"कुठं राहतात हो हे शहाणे लोक?" मी विचारलं.

"अकरावी ब," सर म्हणाले.

मी नवी होते. अर्थशास्त्र शिकवायला त्या कॉलेजात येऊन जेमतेम महिना झाला होता, आणि शेजारच्या टेबलावरचा हा उंच, किंचित वाकलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला माणूस समाजशास्त्र शिकवतो, एवढंच मला ठाऊक होतं. तेवढ्यात प्राचार्य आले. अर्थातच सगळ्यांत शेवटी. बंडगर सर अदबीनं उठून उभे राहिले आणि हळूच मला म्हणाले, "निवड झाली." मला हसू आवरेना. प्राचार्यांनी पहिल्याच बैठकीत माझी नोंद उद्धट बाई म्हणून केली, ती मी निवृत्त होईपर्यंत पुसली गेली नाही.

झुंबाळ नावाचे लोक जगात कुठंही नाहीत. ते बंडगर सरांनी केले होते. सोलापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात, कलाशाखेच्या पोरांना समाजरचना म्हणजे काय, कूळ म्हणजे काय, रूढी कशाला म्हणतात हे शिकवण्यासाठी. असं का, खऱ्या लोकांची काय कमी आहे का आपल्याकडं, असं मी एकदा तडकून विचारलं. त्यावर सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. हा त्यांचा वेळ काढायचा मार्ग.

"नवा होतो तेव्हा खरीच उदाहरणं द्यायचो मॅडम. अमक्यांच्यात असं, तमक्यांच्यात तसं. एकदा मेंढरं राखणाऱ्यांच्या लग्नाचं सांगत होतो. आपलंच म्हणून मजेत सांगितलं. वर्ग हसला. मागं आमच्याकडचीच एक पोरगी बसली होती, ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला सगळे त्यावरून चिडवायला लागले. मग म्हटलं, असे लोक पाहिजेत की ज्यांचं कुणीच वर्गात बसलेलं नाही."

सर स्वतः माळशिरसच्या पलीकडच्या माळावरच्या मेंढपाळ घरातले. त्यांचं नाव मायाप्पा. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, पण गावाकडून फोन आला की "व्हय", "न्हाय", "कुटं हाईस" सुरू व्हायचं आणि आवाजही एक पट्टी वर जायचा.

आता झुंबाळांची समाजरचना ऐका, कारण ती आमच्या कॉलेजात शिकून गेलेल्या प्रत्येकाला अजून पाठ आहे. त्यांच्यात कुळं तीन. पहाटकूळ, दुपारकूळ आणि सांजकूळ. बापाचं कूळ पोराला मिळत नाही. पोरगं ज्या वेळेला जन्मेल ते त्याचं कूळ. त्यामुळे एकाच घरात बाप पहाटेचा, आई सांजेची, थोरला दुपारचा असा प्रकार. एका कुळातल्या दोघांनी लग्न करायचं नाही, कारण मग घरातली सगळी माणसं एकदमच झोपतात आणि चुलीकडं कोण बघणार. आणि कुळाकुळांत भांडण लागत नाही, कारण दुसऱ्या कुळाला शिव्या घालायच्या तर पहिली शिवी आपल्याच आईला लागते.

हे सांगून सर फळ्याकडं वळायचे आणि मुकाट्यानं व्याख्या लिहायला लागायचे. पोरं घरी जाऊन आयांना विचारायची, मी किती वाजता झाले? एका मुलीच्या आईला आठवेना, तर ती वर्गात रडली, की सर मला कूळच नाही. सरांनी तिला सांगितलं, ज्याची वेळ ठाऊक नाही त्याला तिन्ही कुळांत जेवायला बसता येतं. मग बाकीच्या पोरींना तिचा हेवा वाटायला लागला.

स्टाफरूममध्येही हे लोण आलं. मी पहाटकुळातली निघाले, याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. शिपाई मामा सांजकुळातले. प्राचार्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही, पण ते दुपारचे असणार यावर सगळ्यांचं एकमत होतं, कारण दुपारी दोननंतर त्यांच्या केबिनमधून घोरण्याचा आवाज यायचा.

सरांची एक शिस्त होती. झुंबाळांबद्दल ते तोंडाला येईल ते ठोकून द्यायचे नाहीत. कुणी विचारलं, सर, त्यांच्यात देव कोणता? की सर म्हणायचे, "चौकशी करून सांगतो." आणि खरंच दोन-चार दिवसांनी उत्तर घेऊन यायचे. मधले दिवस कुठं चौकशी करत होते देव जाणे. पण उत्तर यायचं ते आधीच्या सगळ्याशी जुळणारं. सासू-सुनांचं विचारलं होतं तेव्हा आठवडा लावला. मग वर्गात सांगितलं, की सून घरात आली की पहिलं वर्षभर सासूनं तिला "अहो" म्हणायचं. वर्षभर जिला "अहो" म्हटलं, तिला दुसऱ्या वर्षी एकदम "अगं ए भवाने" म्हणायला जीभ वळत नाही, हे त्यामागचं कारण. त्या वर्गातल्या एका मुलीचं पुढं मोडनिंबला लग्न झालं. तिनं सासूला ही रीत सांगितली, अर्थातच झुंबाळांचं नाव न घेता, आमच्या कॉलेजात असं शिकवलंय म्हणून. सासू भाबडी. ती अजून सुनेला "अहो" म्हणते.

या झुंबाळांनी सरांना एकदा चांगलंच अडचणीत आणलं. बोर्डाच्या पेपरात एका पोरानं बिनदिक्कत लिहून टाकलं, उदाहरणार्थ झुंबाळ जमात. आणि तीन कुळांची आकृतीही काढली. तपासणीच्या बैठकीत तो पेपर निघाला. ही जमात कुठली, मार्क द्यायचे की नाही, अशी चर्चा सुरू झाली. सर कोपऱ्यात घाम पुसत बसलेले. आता कबूल करावं म्हणून ते उठणार, तेवढ्यात दुसऱ्या जिल्ह्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "झुंबाळ? मी स्वतः पाहिलेत. मेळघाटाच्या पलीकडं. फार काटक लोक."

पोराला पूर्ण मार्क मिळाले. चहाच्या वेळी सर त्या गृहस्थांपाशी गेले आणि त्यांना विचारलं, "बरे आहेत ना सगळे?"

"बरे आहेत," ते गृहस्थ म्हणाले, "पण आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

परत आल्यावर सरांनी मला हे सांगितलं ते अगदी उदास चेहऱ्यानं. "मॅडम, मी फार दिवसांत गेलो नाही ना त्यांच्याकडं." मी टेबलावर डोकं ठेवून हसत होते आणि हा माणूस खरोखरच कसल्याशा काळजीत होता. त्यानंतर ते दर वर्षी परीक्षेआधी वर्गाला बजावायचे, बोर्डात झुंबाळ लिहायचे नाहीत, ते लाजाळू आहेत.

बंडगर सरांची एकच गोष्ट मला सहन व्हायची नाही. त्यांना राग यायचा नाही. म्हणजे राग गिळून बसणारी माणसं मी पाहिली आहेत, तसंही नव्हतं. कुणाबद्दल काहीही तक्रार केली की ते मान हलवून म्हणायचे, "कारण असणार की." वेळापत्रकात त्यांचे सगळे तास जेवणानंतर टाकले, कारण असणार की. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर कुणीतरी ब्लेड मारलं, कारण असणार की. सीट फाडायला काय कारण असतं हो, मी म्हणाले, तुम्ही माणूस आहात का समाजशास्त्र? ते हसले. दुसऱ्या दिवशी घरून सुई-दोरा घेऊन आले आणि पार्किंगमध्ये उकिडवे बसून सीट शिवली.

तर अशा या माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. अश्विनी. एकुलती एक, फार्मसी शिकलेली, बापासारखी उंच आणि बापासारखी नसलेली, म्हणजे फटकळ. मला फार आवडायची. तिनं शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकर घरातला मुलगा पसंत केला होता. श्रीनिवास त्याचं नाव. घरी आजोबांच्या वेळेपासून टॉवेलचे माग. मुलगा गुणी होता. सर आणि वहिनी दोघांनाही तो मनापासून आवडला, मुलाकडच्यांनीही फारशी खळखळ केली नाही. तारीख धरली. आणि मग सरांनी गावाकडं थोरल्या भावाला फोन केला.

हा भाऊ म्हणजे आण्णा. वडील लवकर गेले तेव्हा मेंढरांमागं एकानं जायचं होतं. आण्णा गेले. मायाप्पा शाळेत बसला. सर हे कधी दर्दभऱ्या आवाजात सांगायचे नाहीत, पण आण्णाचं नाव घेताना ते नकळत सरळ होऊन बसत, हे मी पाहिलं होतं. त्या फोनवर आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं, करा" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुतण्याकडून निरोप आला, की आण्णा लग्नाला येणार नाहीत.

सर आठवडाभर कॉलेजात आले आणि गेले. डब्यातली भाकरी तशीच परत जायची. शेवटी मीच म्हटलं, चला, रविवारी गाडी काढते, जाऊन बसू त्यांच्यापुढं. सरांना चारचाकी येत नव्हती, आणि एवढ्या लांब स्कूटरवरून हे ध्यान जाणार कसं. वाटेत मोडनिंबला चहाला थांबलो तेव्हा ते पहिल्यांदा तोंड उघडून बोलले.

"आण्णा आला नाही तर मी सगळं करीन मॅडम. कन्यादान करीन, पंगत वाढीन, हसून फोटो काढीन. पण पोरीचं लग्न झालं असं मला आयुष्यात कधी वाटणार नाही."

मी चहावाल्यावर खेकसले, की चहात साखर किती घातलीस.

आण्णा घरापुढं घोंगडं टाकून बसले होते. बाजूला वाघर लावलेली, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि आत कोकरांचा कालवा. सरांहून बुटका, दणकट माणूस, लाल फेटा, मिशा पांढऱ्या. त्यांनी भावाकडं बघितलंही नाही. मला म्हणाले, "या बाई. बसा. च्या घ्या. आनि ह्याला इचारा, का आलाय."

सर माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मी मान वळवून म्हटलं, "ते विचारताहेत, का आलात."

"लग्नाला चला म्हणायला," सर म्हणाले.

"त्याला सांगा," आण्णा मला म्हणाले, "मला त्या पोराचं कायबी न्हाय. तेलुगू असू दे, न्हायतर आनि कोन असू दे. पर ह्यानं मला इचारलं न्हाय. सांगितलं. तारीख धरून सांगितलं. पावन्याला सांगत्यात तसं."

आतून आण्णांच्या मालकीणबाई चहा घेऊन आल्या. त्या मला म्हणाल्या, की असंच आहे यांचं, तिकडं भावजींनी फ्लॅट घेऊन किती वर्षं झाली, अजून हे त्यांच्या उंबऱ्याला गेले नाहीत, मेंढरं कुणावर सोडू म्हणतात. आण्णांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या आत गेल्या. सर चष्मा काढून पुसत राहिले. मला वाटलं, आता हे चौकशी करून सांगतो म्हणणार आणि आम्ही हात हलवत परत जाणार.

"आण्णा," सर एकदम म्हणाले, "झुंबाळ लोकांत लग्नात एक रुसकरी असतो."

मी दचकले. झुंबाळांची प्रत्येक रीत मला पाठ होती, ही मी कधी ऐकली नव्हती. चौकशीला न जाता बंडगर सर पहिल्यांदाच बोलत होते.

"आपल्यात मानकरी असतो की नाही, तसा त्यांच्यात रुसकरी. लग्न म्हटलं की कुणी ना कुणी रुसणारच. म्हणून ते आधीच एकाला नेमतात. घरातला सगळ्यांत थोर माणूस. त्यानं मांडवाकडं पाठ करून बाजेवर बसायचं आणि रुसायचं. बाकी कुणी लग्नात रागवायचं नाही. ज्याला कशाचा राग आला असेल त्यानं रुसकऱ्याच्या कानात सांगायचं, आणि जेवायला जायचं. त्याच्या वाटचंही रुसकरी रुसतो. त्याचं ताट सगळ्यांच्या आधी वाढतात. आणि त्याची समजूत काढल्याशिवाय नवरीला निघता येत नाही. तो मागेल ते द्यावं लागतं."

आण्णा विसरून थेट भावाशी बोलले. "कुटलं हायती हे लोक?"

सरांना खोटं बोलता यायचं नाही, आणि आण्णांपुढं तर नाहीच. "कुठलेच नाहीत," ते म्हणाले. "मीच केलेत. पोरांना शिकवायला."

मला वाटलं, झालं, बोंबललं सगळं. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"मेंढरं हायती का त्यांच्याकडं?"

"हायत की."

"आनि शेरडं?"

"ती बी हायत. एकाच वाघरीत ठेवतात."

"एकाच?" आण्णा म्हणाले. "मग येडी हायती. शेरडं मेंढरास्नी निजू देतील व्हय? इचारायचंस तरी मला."

"आता विचारतो की," सर म्हणाले.

मग ते दोघे भाऊ झुंबाळांच्या मेंढरांवर बोलत बसले. लोकर वर्षातून किती वेळा कातरायची, पावसाळ्यात कुठं न्यायची, कुत्री कसली ठेवायची. माझा चहा गार झाला. निघताना आण्णा म्हणाले, "त्या रुसकऱ्याला निस्तं पाठ करून बसायचं असतंय ना? बोलायबिलायचं न्हाय?"

"न्हाय."

"ते जमंल मला," आण्णा म्हणाले. "मी रागात हाय ते हायच. म्हनून येतो."

लग्न अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. अंगणात कडुलिंबाखाली बाज टाकली होती, वर घोंगडं, आणि आण्णा सकाळी आले ते सरळ तिथंच जाऊन पाठ करून बसले. हातात काठी, फेटा नवा. सरांचे इतक्या वर्षांचे विद्यार्थी लग्नाला लोटले होते. त्यांनी ती बाज बघितली, सरांना रीत विचारली, आणि तासाभरात सगळ्या मांडवाला रुसकरी म्हणजे काय ते ठाऊक झालं.

पहिला गेला सरांचा चुलतभाऊ. त्याला टोपी-टॉवेल देताना नाव चुकीचं पुकारलं होतं. आण्णांनी कान पुढं केला, ऐकलं, मान हलवली, "जा, जेव," म्हणाले. मग मुलाचे मामा आले, त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली नव्हती. मग आचारी आला, त्याची कुणाशी तरी तुपावरून बाचाबाची झाली होती. मग बायका यायला लागल्या. श्रीनिवासची आजी, तिला सगळे अव्वा म्हणत, काठी टेकत आली आणि आण्णांच्या कानात अर्धा तास तेलुगूत बोलली. आण्णांना तेलुगूचा एक शब्द कळत नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हातारी डोळे पुसत हलकी होऊन गेली. मी विचारलं, काय म्हणाल्या हो?

"काय ठावं," आण्णा म्हणाले, "पर लई मनापासनं बोलली. तिच्यासाठीबी रुसलोय."

मग मीही गेले. मला प्राचार्यांच्या शेजारी बसवलं होतं आणि ते एकटेच बोलत होते. आण्णा म्हणाले, "मंग उठायचं की तितनं." मी म्हटलं, तुम्ही फक्त रुसायचं, सल्ला द्यायचा नाही. ते मिशीत हसले. सांगते, त्या लग्नात भांडण झालं नाही. दोन जातींचं, दोन भाषांचं लग्न, इकडच्या शंभर अपेक्षा, तिकडच्या शंभर, आणि एकाचाही आवाज चढला नाही. मी आजवर इतक्या लग्नांत जेवले, पण इतकं निवांत कधीच नाही.

ऊन उतरलं, पाठवणीची वेळ झाली. अश्विनी सासरची साडी नेसून, गुळाचा खडा घेऊन बाजेपाशी आली. "मोठे आबा, आता उठा की."

"न्हाय उठत," आण्णा म्हणाले. "एकजन ऱ्हायलाय."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आण्णांनी काठीनं दाखवलं. "ह्यो."

बंडगर सर वहिनींच्या मागं उभे होते, हातात अश्विनीची पर्स. "माझं काय?" ते म्हणाले. "मला कशाचा राग?"

"न्हाय?"

"नाही."

"मग मी बी न्हाय उठत. पोरगी उभी ऱ्हाऊ दे."

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग पर्स वहिनींकडं देऊन ते पुढं झाले, भावाच्या कानाशी वाकले आणि बोलायला लागले. आम्हाला ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदा दोन शब्द बोलून थांबले. मग पुन्हा बोलले, आणि मग जे सुरू झालं ते थांबेनाच. त्यांची मान लाल झाली होती. हात हलत होता, बोट दाखवत होते. रागावलेले बंडगर सर मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

आण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग गर्रकन आमच्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "घ्या. ह्याचा राग माज्यावरच हाय. म्हनतो, घर घेतलं, पोरगी शाळंत गेली, कालिजात गेली, पर आण्णा एकदा माज्या उंबऱ्याला आला न्हाय. दर दिवाळीला दार उघडून बघतो म्हनतोय. आता ह्याच्या वाटचं मी कुनावर रुसू? माज्यावर मीच रुसू व्हय?"

लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. आण्णांचंही हसू गेलं. ते बाजेवर थोडे सरकले, मोकळी केलेली जागा हातानं झाडली.

"बस हितं," ते म्हणाले. "तुजा तू रुस."

सर बसले. दोघं भाऊ आमच्याकडं पाठ करून, एक वाकलेली पाठ, एक रुंद. अश्विनी गूळ हातात धरून उभी. आधी कुणाची समजूत काढावी तिला कळेना. शेवटी तिनं खडा दातानं मोडला आणि दोघांच्या हातात एकेक तुकडा ठेवला.

"मागा काय मागायचं ते," ती आण्णांना म्हणाली.

आण्णांनी गूळ खाल्ला. मिशी पुसली. "तुजी खोली रिकामी झाली न्हवं आता?"

"झाली की."

"मग तू जा सासरला, सुकानं. मी जातो तितं."

अश्विनी रडायची ती तेव्हा रडली. सरांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात भावाच्या घोंगड्याचं टोक घट्ट धरून होता, तो मी बघितला. मेंढरांचं काय, असं मला विचारायचं होतं. पण वहिनींनी डोळ्यांनीच मला दटावलं.

आण्णा त्या खोलीत काही दिवस राहून मेंढरांकडं परतले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच सर निवृत्त होऊन गावाकडं, त्यांच्याजवळ राहायला गेले. आता त्यांचा अधूनमधून फोन येतो. झुंबाळ आता शेरडं वेगळी ठेवतात, असं परवा सांगत होते. कॉलेजात त्यांच्या जागी आलेल्या मुलीला पोरं तीन कुळं समजावून सांगतात म्हणे.

पण सर म्हटलं की मला आठवते ती त्या संध्याकाळची रिक्षा. नवरीची गाडी गेल्यावर मी माझी गाडी काढत होते. समोर वहिनी, सर आणि आण्णा रिक्षात बसले. आण्णांची काठी आत मावेना, म्हणून ती तिरकी बाहेर काढून सरांनी धरून ठेवलेली. रिक्षा जुळे सोलापूरच्या दिशेला वळली. आण्णा वाकून बाहेर बघत काहीतरी विचारत होते, आणि सर मोकळ्या हातानं दाखवत होते, हितनं असं जायचं, मग तितनं वळायचं, मग आपलं घर.